बारा हजार पावलं

स्क्रीनवर आलं : जनावर – ४.

सुचिताने डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. जनावर – ४! वावरातून तर आत्ता चार जवान चालत आले होते. चांगले उंचपुरे, कडक इस्त्रीचे, पाठीवर बंदुका लावलेले.

"मॅडम," तपासणीला आलेले मेजर साहेब वासंतीआत्याकडे वळले, "माझी माणसं तुमच्या यंत्राला जनावरं वाटतात?"

झालं! आत्याचा चेहरा पांढराफटक. एरवी अख्ख्या अमडापूरच्या बाजारात जिच्या तोंडाला कोणी लागत नाही ती आत्या, पण आज ती लॅपटॉपची वायर काढून पुन्हा लावायला लागली.

आत्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. रानडुकरं येऊन पीक तुडवायची, म्हणून तिने जमिनीत पुरायची एक कांडी बनवली. पावलांचा हादरा ओळखायची आणि भोंगा वाजवायची. मग सैन्याने छोट्या उद्योगांना साद घातली, सरहद्दीवर चोरपावलांनी येणारा माणूस ओळखून दाखवा. आत्याने दुकानाचं अर्धं शटर ओढलं, सहा बायका हाताशी घेतल्या आणि दोन वर्षं त्याच एका कांडीमागे घातली. नाव ठेवलं 'चाहूल'. आता भोंगा फक्त माणसालाच वाजायचा. आज पास झाली तर पुढचं काम मिळणार. नापास झाली तर उरलेलं अर्धं शटरही खाली.

आणि चाहूलला माणूस शिकवला कोणी? सुचिताने! अकरावीतल्या सुचिताने! बारा हजार पावलं तिने एकटीने गोळा केली होती. शाळेत प्रार्थनेनंतर माईक हातात घेऊन तिने हे सगळ्यांना सांगितलंही होतं.

"पुन्हा चाला," साहेब म्हणाले. जवान पुन्हा चालले. धप, धप, धप.

जनावर – ४.

"काय शिकवलं वो पोरी तू तिले?" आत्या हळूच म्हणाली. त्यापेक्षा एक ठेवून दिली असती तर परवडलं असतं.

तेवढ्यात भोंगा असा काही कोकलला, की साहेबांच्या हातातला कागद उडाला. माणूस – १! सगळे गर्रकन वळले. वावराच्या मधोमध रुखमाबाई उभ्या. वावर त्यांचंच. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात कप.

"काऊन बोंबलून राह्यलं हे? चहा आणला न मी, चोरी नाही केली!"

जवान हसले. आत्यासुद्धा क्षणभर हसली. सुचिता मात्र रुखमाबाईंच्या पायांकडे बघत राहिली. पाय अनवाणी होते. चपला पलीकडच्या बांधावर.

"मावशी, चपला काऊन काढल्या?"

"घ्या! पीक उभं आहे न वावरात. लक्ष्मीवर चप्पल घेऊन जाऊ का मी?"

सुचिताने कपाळावर हात मारला. बारा हजार पावलं तिने सोयाबीनच्या खळ्यावर टिपली होती. खळ्यावर रास पडलेली. राशीजवळ कोणीच चप्पल घालून जात नाही. मजूर नाही, मालक नाही, आत्या नाही, ती स्वतःही नाही. बारा हजारांत एकसुद्धा पाऊल चपलेचं नव्हतं! अनवाणी पाऊल तेवढं माणसाचं, आणि कडक, ठोकल्यासारखं पडणारं पाऊल खुराचं. चाहूल बिचारी एवढंच शिकली होती.

"साहेब, बूट काढायला सांगा!" ती ओरडलीच.

साहेबांनी भुवया उंचावल्या, पण मान हलवली. जवानांनी बूट काढले, मोजे काढले आणि काटे चुकवत, ओय ओय करत चालू लागले. भोंगा कोकलला.

माणूस – ४!

सुचिताने उडीच मारली. आत्याने तिला सगळ्यांसमोर कडेवर घ्यायचंच बाकी ठेवलं. साहेबही हसले, अगदी मोकळं.

"शत्रू काही बूट काढून येणार नाही, बाळा," ते म्हणाले. "पण चूक पाच मिनिटांत शोधलीस, हे मला आवडलं. मॅडम, तीन महिने देतो. बुटांचीही पावलं शिकवा. तुम्ही पुढच्या टप्प्यात आलात."

आत्याने डोळ्यांना पदर लावला. रुखमाबाईंनी पहिला कप साहेबांना दिला.

"पुढच्या टप्प्यात काय करायचं, सर?" सुचिताचा उत्साह मावत नव्हता.

"भोंगा काढायचा," साहेब चहावर फुंकर मारत म्हणाले. "त्या वायरीला बंदूक जोडायची. माणूस ओळखला की ती आपोआप चालेल. ट्रिगरवर कुणाचं बोट लागणार नाही."

सुचिताने आत्याकडे पाहिलं. आत्या चहाच्या कपात बघत होती.

"तुले माहीत होतं, आत्या?"

"सैन्याच्या कागदावर लिहिलेलं होतं," आत्या म्हणाली. तिने मान वर केली नाही.

"आणि हो, ही यादी नीट कर," साहेबांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "प्रत्येक पावलापुढे कुणाकुणाची नावं टाकून ठेवली आहेस. एवढी नावं लागत नाहीत. सगळी पुसून एकच शब्द टाक. लक्ष्य."

आत्याने मान हलवली. कर, म्हणून.

सुचिताने यादी उघडली. पुसायच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते तिथेच थिजलं. सगळ्यात पहिलं पाऊल तिने ज्या दिवशी टिपलं, त्या दिवशी खळ्यावर सगळ्यांच्या आधी जी आली होती, तिचं नाव पहिल्या ओळीत होतं.

आई.