हलका हब

"नापास," नाकतोडा फोनवर म्हणाला आणि सायकल भिंतीला टेकवून जमिनीवरच बसला. "पायडल मारलं की मागचं चाक लगेच धरत नाही. आधी पोकळ जातं, मग झटका देऊन पकडतं."

"फार पोकळ?" पलीकडून लेथवाल्यानं विचारलं.

"केसभर. पण शर्यतीत केसभरानंच माणूस मागे पडतो."

"खरंय बाबा. दुसरा पाठवतो."

तरुणपणी बीएमएक्सच्या, म्हणजे उंचवट्यांवरून उड्या मारत जायच्या सायकल शर्यतीत तो असा काही उडायचा, की लोकांनी त्याचं नावच नाकतोडा ठेवलं. आता गुडघे कुरकुरत होते. बायको गेल्यापासून तर उडणं सोडाच, अंथरुणातून उठणंही जिवावर यायचं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. थोरली बहीण राहायला आली होती. ती ताट समोर ठेवायची आणि जसंच्या तसं उचलून न्यायची.

अशातच एके दिवशी लेथवाला जिना चढून आला. एकेकाळी दोघं एकमेकांना हरवायला टपलेले असायचे, पुढे जिवाभावाचे दोस्त झाले. लेथवाल्यानं खाटेवर स्वतः लेथवर कातलेला एक हब ठेवला. मागच्या चाकाच्या तारा जिथे येऊन जुळतात तो मधला भाग. इतका हलका, की हातात घेतला तरी मूठ रिकामीच वाटावी.

"चालवून बघ. तू हो म्हटल्याशिवाय मी हा विकणार नाही."

"दुसरा कुणी गाठ."

"तुझ्यासारखा कान दुसऱ्या कुणाचा असता, तर तुझा जिना कशाला चढलो असतो?"

तेव्हापासून हे गुऱ्हाळ चाललं होतं. कधी चाक डुगडुगायचं, कधी उतारावर बारीक किणकिण यायची. एकही दोष जिवावर बेतणारा नव्हता, पण डोळेझाक करावी असाही नव्हता. दर खेपेला नाकतोड्याला भल्या सकाळी रिकाम्या ट्रॅकवर जावं लागे, उंचवटे ओलांडावे लागत, घामाघूम होऊन परतावं लागे. मग भूक लागे. जेवला की पाय ठणकत आणि बसल्या जागी डोळा लागे.

"संपलं वाटतं आज भाताचं भांडं," बहीण म्हणायची.

"वैताग आहे नुसता," तो म्हणायचा.

पुढचा हब आला. पहिल्याच वळणावर त्याच्या कानानं खरखर टिपली. तो उतरला आणि सायकल हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला हबचा राग आला नाही, दोस्ताची कीव आली. एवढा कसबी माणूस, पण हातातली सफाई गेली बिचाऱ्याच्या. कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

तो थेट कारखान्यात गेला. लेथवाला बाहेर पडला होता. त्याची बायको खोकी बांधत होती.

"वहिनी," त्यानं हब टेबलावर ठेवला. "त्याला म्हणावं, नाद सोड आता. हा काही त्याच्या हातून व्हायचा नाही. मीही थकलो, तोही थकला."

वहिनींनी हब उचलून फिरवला. खरखर ऐकली. मग हातातली सुतळी खाली ठेवून त्या खुर्चीत बसल्या.

"आज ना उद्या तुम्हाला कळणारच होतं, भावजी. हलका हब केव्हाच झाला. या खोक्यांत तोच तर आहे, गावोगावच्या दुकानांत जातो."

"मग मला पाठवतो, तो कुठला?"

"तो फक्त तुमच्यासाठी," वहिनी म्हणाल्या. "चांगला करायला काही वेळ लागत नाही, असं हे म्हणतात. तुमच्या कानाला कळेल, पण तुम्हाला पाडणार नाही, असा बिघडवायलाच रात्रंदिवस खपतात."