बिनभोकाचा कोबी

बसा जरा. एका कोबीची गोष्ट सांगतो. हसू नका, कोबीचीच आहे.

शाळेच्या पटांगणात दर रविवारी बिनफवाऱ्याच्या, म्हणजे औषध न मारलेल्या भाजीचा बाजार भरतो. दहा-बारा घरचे शेतकरी, ज्याचा माल त्यानंच मांडायचा. त्यातली एक बाई एका रविवारी महिन्यानं आली. सोळा दिवस नवऱ्याबरोबर दवाखान्यात होती, घरी परतली ती एकटीच. रडली म्हणाल, तर नाही. कोणी चहा दिला की प्यायची, बस म्हटलं की बसायची. शेताकडे फिरकलीही नव्हती.

क्रेट उघडला आणि तिचा हात तसाच राहिला. गड्डे कसे, नुसते चकचकीत. पानाला एक भोक नाही. त्यांच्या कोबीला अळीची भोकं असायचीच. गिऱ्हाईक ती बघूनच तर घ्यायचं.

तिनं दिराला फोन लावला. दीर गॅरेजवाला, शेतीतलं ओ की ठो कळत नाही. पण भावाच्या दुखण्यात सगळं त्यानंच ओढलं. पहाटे कोबी कापून टेम्पोत भरून दिला, तोही त्यानंच.

"भाऊजी, कोबीला काही मारलंत का?"

"मारलं की वहिनी! दोनदा. अळीनं पार चाळण केली होती. म्हटलं, दादानं हातानं लावलेलं पीक, डोळ्यांदेखत कसं जाऊ द्यायचं? झकास आलाय ना?"

"झकास आलाय," ती म्हणाली. "बरं केलंत."

आता त्या बाजाराचा कायदा असा, की शेतात एकदा फवारा गेला की त्या शेतकऱ्याला तीन वर्षं बाजार बंद. तपासायला कोणी येत नाही, ज्याचं त्यानं सांगायचं. आणि हे गिऱ्हाईक नवरा-बायको दोघांनी आठ वर्षं दारोदार फिरून, लोकांसमोर कच्ची पानं खाऊन दाखवून जोडलेलं.

पहिल्या आल्या त्या शाळेतल्या रिटायर झालेल्या बाई. गड्डा उचलून म्हणाल्या, "अगंबाई, आज अळ्या संपावर गेल्या काय?"

"फवारलाय बाई. घेऊ नका."

वजन सांगावं तशा आवाजात. बाई गड्डा हातात धरून उभ्याच. पिशवीत टाकेनात, खाली ठेवेनात.

शेजारचा गूळवाला कानाशी आला. बाजार त्यानंच सुरू केलेला. "वहिनी, तोंड आवरा. कोणी ऐकलेलं नाही. क्रेट झाका, बाकी मी बघतो. अशा वेळी तुम्हाला कोण कायदा लावणार?"

"पाटी तुम्ही काढताय, का मी काढू?"

त्याचा हात काही उठेना. तिनंच काढली. 'बिनफवाऱ्याची भाजी' लिहिलेल्या त्या पाटीवर नवरा-बायको दोघांचा फोटो होता. टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवली आणि क्रेट पुन्हा एकावर एक रचायला लागली.

संध्याकाळी दीर दारातच उभा. "खपला?"

"हातोहात."

पोरगं परीक्षेत पास झाल्यागत त्याचं तोंड फुललं.

अजूनही ती रविवारी पहाटे निघते. मोठ्या मंडईत जाते, सगळ्यांच्या ढिगात आपला माल ओतते आणि येते. दिराला वाटतं, शाळेतच जातेय.

त्याचं गॅरेज तुमच्याच रस्त्यावर आहे. गाडी घेऊन जाल, तर तो हातातला पाना ठेवून कोबीचं सांगायला लागेल. ऐकून घ्या. शाळेच्या बाजाराचा विषय तेवढा काढू नका.