स्नॅपमधला माणूस

शांतारामनं पाकिटातून एक रंगीत फोटो काढून जमनापुढे धरला.

“आमाला बघू नको वैनी. मागं बघ.”

जमना अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिनं हात पुसले आणि फोटो कडेनं धरून घेतला. पुढे शांताराम आणि कारखान्यातले तिघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. मागे चहाची टपरी. टपरीच्या बाजूला एक दाढीवाला वाकून पिंपातलं पाणी बादलीत घेत होता. त्याची मान नेमकी कॅमेऱ्याकडे वळली होती.

जमनानं फोटो डोळ्यांजवळ नेला.

“हा फोटो कुठं काढला?”

“फोटो नाय, स्नॅप. बोईसरला, आमच्या कारखान्याच्या नाक्यावर. एका जोडीदारानं नवा कॅमेरा घेतला. ‘एक स्नॅप हो जाए’ म्हणाला आन् काढला.”

“स्नॅप म्हंजे फोटोच ना?”

“फोटोला मानूस भांग पाडून बसतो. स्नॅप उभ्या उभ्या काढायचा, जो जसा हाय तसा. मागच्याला तर पत्ताच नसतो, आपण त्यात आलो म्हणून.”

शांताराम बोईसरला कामाला लागून दोनच महिने झाले होते. रातपाळी संपवून तो थेट सातपाटीला तिच्या दारात आला होता.

सात वर्षांपूर्वी, एकोणऐंशी साली, त्याचा थोरला भाऊ चिंतू आणि जमनाचा नवरा एकनाथ दोघंच होडी घेऊन समुद्रावर गेले होते. तिसऱ्या दिवशी रिकामी होडी जवळच्याच माहीम गावाच्या किनाऱ्याला लागली. चिंतूचं प्रेत तिथंच सापडलं. एकनाथचं सापडलं नाही. महिनाभर वाट पाहून बायकांनी जमनाच्या बांगड्या फोडल्या.

“एकनाथच हाय ना?” शांतारामनं विचारलं.

“सात वर्सं झाली. दाढीत मानूस कसा वळखायचा?”

“भुवईवरचा वण बघ.”

तिनं पाहिला. फोटो पालथा करून छातीशी धरला. शांतारामला तिची कीव आली. त्यानं तिला पायरीवर बसवलं आणि आतून पाणी आणून दिलं.

“आनखी कुनी बघितला?” तिनं विचारलं.

“कुनी नाय. आयेला पन नाय दावला. पयला हक तुझा.”

“तुज्या आयेला नको सांगू येवढ्यात. तो नसला तर उगाच तिच्या जिवाला घोर.”

“नाय सांगत. उद्या सुट्टी हाय माजी. सकाळच्या एष्टीनं दोघं जाऊ.” त्यानं पाकीट खिशात घातलं. “जिता असला तर तुझा संसार परत उभा ऱ्हाईल वैनी. मला त्याला येकच इचारायचं हाय. चिंतूच्या डोक्याला मागून ती खोक कशी पडली.”

“खडकाला आपटला. पोलिसांनी तसंच लिवलं ना?”

“लिवलं. पन होडीत होता कोन? पोलीस का एकनाथ?”

हे तो अगदी शांतपणे म्हणाला. जमनानं पेला खाली ठेवला.

“हा फोटो आजच्या दिस माज्याकडं ऱ्हाऊ दे.”

“ठेव,” शांताराम म्हणाला. तो झोपायला घरी गेला.

तो गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत जमना उभी राहिली. मग तिनं उरलेले बोंबील तसेच टोपलीत ठेवले, दार ओढून घेतलं आणि एष्टीचा थांबा गाठला.

पालघरच्या स्टँडवर बोईसरची गाडी तासभर आली नाही. बाकडी रिकामी होती, तरी ती बसली नाही. तेवढ्यात गावातली नलू समोर आली.

“मावशे, कुठं गो?”

“बोईसरला. सुके बोंबील द्यायला.”

“आन् टोपली?”

“गिऱ्हाइकाकडंच ऱ्हायली.”

नलू तिच्याकडे पाहत राहिली. “बरी हायस ना? घामानं भिजलीस.”

“ऊन हाय,” जमना म्हणाली आणि येणाऱ्या गाडीकडे निघाली.

बोईसरला उतरली तेव्हा दुपार टळत होती. कारखान्यांच्या धुराचा आंबूस वास नाकात बसला. ती भराभर चालत राहिली. वाटेत कोणाला काही विचारलं नाही. नाक्यावर टपरी दिसली. पिंप होतं, बादली होती, माणूस नव्हता. पहिली पाळी सुटून घोळके बाहेर पडत होते. त्यांत कोणी सातपाटीचं असेल म्हणून तिनं पदर तोंडापर्यंत ओढला.

टपरीमागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. तिसऱ्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. तिनं कडी वाजवली. आतली हालचाल थांबली. तिनं पुन्हा वाजवली.

दार वीतभर उघडलं. एकनाथनं आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, मग तिच्याकडे.

“शनिवारीच येऊन गेलीस ना,” तो हळूच म्हणाला. “आज परत कशी?”