हे उघड आहे

चौथ्या पानाच्या तळाशी ‘हे उघड आहे’ अशी ओळ होती. बाईंची पेन्सिल तिथे थांबली.

“काही चुकलंय का, बाई?” समोर बसलेल्या मुलीनं विचारलं. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी. आता बाईंच्याच कॉलेजात, गणिताच्या विभागात, तात्पुरत्या जागेवर शिकवत होती. बाईंनी ज्यांच्या हाताखाली काम केलं, त्या जुन्या विभागप्रमुख सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ निघत होता. त्यातल्या मुख्य लेखाची, म्हणजे सरांच्या प्रमेयाची मुद्रितं तपासून घ्यायला ती आली होती. पाच वाजता छापखान्याचा माणूस ती न्यायला येणार होता.

“सर म्हणाले, बाईंनी फक्त काना-मात्रा बघाव्यात. गणितात डोकं घालायची तसदी नको.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या.

खिडकीशी शब्दकोडं सोडवत बसलेल्या यजमानांनी चष्मा कपाळावर चढवला. “शेवटच्या पानावरचे आभार वाचलेस का गं पोरी? हिचं नाव आहे त्यात. ‘सुवाच्य अक्षरात प्रत करून दिल्याबद्दल.’ चाळीस वर्षांपूर्वी घातलं, आजही काढलं नाही सरांनी. मोठं मन लागतं त्याला.”

“वाचलं, काका.”

मुलीनं खुर्ची पुढे ओढली. “बाई, मला हे उघड दिसत नाही. चार दिवस डोकं फोडलं. सरांना विचारलं, तर म्हणाले, ज्याला हे दिसत नाही त्यानं इतिहास घ्यावा.”

“दिसणार कसं?” बाई म्हणाल्या. “तिथे भोक आहे.”

“भोक?”

“प्रमेय मला सुचलं होतं. इथपर्यंत आलं आणि अडलं. मी आठ दिवस मागितले. सरांना परिषदेची गाडी गाठायची होती. म्हणाले, लिही, ‘हे उघड आहे’, आणि पुढं चल. मी लिहिलं.” बाई पेन्सिलीचं टोक न्याहाळत राहिल्या. “नंतर तीस वर्षं शिकवलंसुद्धा. सरांचं प्रमेय म्हणून. या ओळीशी आले की हातातला खडू पाडायची. तो उचलेपर्यंत पोरं ओळ उतरवून घ्यायची. तू तिसऱ्या बाकावर बसायचीस. तूही विचारलं नाहीस.”

बाई उठून आतल्या खोलीत गेल्या. कपाटाच्या खणात अंथरलेला कागद उचलून त्याखालची पिवळी पडलेली पानं घेऊन आल्या. आठ पानं होती.

“थोरल्याच्या बाळंतपणात बुजवलं ते भोक. एका हातात पोर, एका हातात पेन. सरांना दाखवायला गेले. म्हणाले, लोकांनी मान्य केलंय, आता कशाला उकरून काढायचं? अक्षराचं मात्र कौतुक केलं.”

मुलगी उभ्या उभ्याच वाचू लागली. आधी तिचे ओठ हलत होते. पाचव्या पानावर तेही थांबले. पुढची पानं तिनं घाईनं उलटली. आठव्या पानाच्या तळाशी सगळं जुळतंय, एवढं पाहून घेतलं.

“बाई, हे छापायला हवं! याच्याशिवाय प्रमेय सिद्धच होत नाही.”

“टंकून घेणं, पाठवणं, आता मला झेपत नाही गं. तू करशील?” बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. “माझ्या नावानं जाऊ दे. एकदा.”

“करीन म्हणजे काय, बाई!”

फोन वाजला. यजमानांनी उचलला आणि लगेच उभे राहिले. “नमस्कार, नमस्कार! आहे ना, देतो.” त्यांनी मुलीला खूण केली. “सर.”

“हो सर, झालंच,” मुलगी फोनवर म्हणाली. “काना-मात्राच होत्या. नाही, बाकी काही नाही.” मग ती थोडा वेळ नुसतं ऐकत राहिली. “कायम जागेची मुलाखत सोमवारीच ना, सर? त्याआधी तुम्हाला एक दाखवायचंय. चौथ्या पानावरच्या त्या ओळीबद्दल मला थोडं सुचलंय. नाही नाही, प्रमेयाला धक्का नाही. उलट बळकटीच येईल.”

तिनं आवाज खालीसुद्धा आणला नव्हता. बाई चार हातांवर बसल्या होत्या.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. “बाई, पानं मी आजच नेते. सर बघतो म्हणाले. तुमचा उल्लेख मी करणार म्हणजे करणारच. अगदी ठळक.”

“कुठे?”

“आभारात.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पानं उचलली. “थांब. पाकिटात घालून देते. जुना कागद आहे, तुटेल.”

आतल्या खोलीत जाऊन त्यांनी आठवं पान वेगळं काढलं आणि खणातल्या कागदाखाली परत सरकवलं. कागद तळव्यानं सपाट केला. उरलेली सात पानं हातात घेऊन त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

“अगं, आटप!” बाहेरून यजमानांनी हाक मारली. “तिला घाई आहे.”

“आले.”

सातव्या पानाच्या तळाशी एका ओळीपुरती जागा होती. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘पुढचे उघड आहे’, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.