झोपेपुरतं जिलेटीन

पहिल्या दिवशी ज्ञानेश दुपारी दोनला दचकून उठला. पुनमनं दाराच्या कडीला फडकं गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी एकला. तिनं मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवला.

मग बाराला. तिनं कुकर शेजारी, साधनाकाकूंच्या गॅसवर नेला.

नऊ दिवसांत निगडीच्या ओटास्कीम वस्तीतल्या त्या खोलीत आवाज म्हणून काही उरला नव्हता. उरलं होतं फक्त जिलेटीन. आकाशकंदिलाचा तो कागद नुसता हात लावला तरी बोलतो.

आज गुरुवार. पडद्यापलीकडे ज्ञानेश झोपला होता. चाकणला, कंपनीत, त्याच्या शेजारच्या, पत्रा दाबायच्या प्रेसवर धम्मपालची दोन बोटं गेली, त्याला आज दहावा दिवस. नाइट शिफ्ट सुटत नव्हती. काल सकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना त्याचा तोल गेला होता. आज रात्री पुन्हा तसल्याच प्रेसवर उभं राहायचं. दोन्ही हात आत घालून.

झोप व्हायलाच पाहिजे होती.

आणि उद्या वसुबारस. प्राधिकरण वसाहतीतल्या मिनल मॅडम आजच तीनला येणार होत्या, बारा कंदील न्यायला. आठ भिंतीला टांगलेले होते. ज्ञानेशनं कंपनीतून आणलेल्या खोक्यांच्या पट्ट्या वाकवून पुनमनं त्यांचा सांगाडा बांधला होता. सोळा टोकांचा. अख्ख्या निगडीत कुणाकडे नसलेला.

चार राहिले होते.

उकाडा होता, म्हणून आज तिनं जुना टेबल फॅन लावला होता. जाळी सैल, सगळं अंग खडखडणारा. त्याच्या आवाजाआड ती झिरमिळ्या कापत होती. दोन वाजून गेले. नऊ दिवसांत पहिल्यांदाच तो अजून झोपलेला होता. वाऱ्यामुळे, तिला वाटलं.

चर्र. हिरवा.

चर्र. पिवळा.

चर्

लाइट गेली.

फॅन दोनदा खडखडला आणि थांबला. कातर अर्ध्या कागदात. पुनमनं ती तशीच धरून ठेवली.

श्वाससुद्धा हळू.

बाहेरून ट्रक आला. त्याच्या आवाजाआड तिनं कापून घेतलं, चर्र चर्र चर्र. ट्रक वळला.

थांब.

काही नाही.

काही

"मशीन कुणी थांबवलं?"

ज्ञानेश उठून बसला होता. पडदा बाजूला झालेला. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत ही खोली नव्हती.

"अहो, काय न्हाई. झोपा तुमी."

"आवाज का बंद झाला? कोण हाय आत?" त्यानं दोन्ही मुठी छातीशी आवळल्या. "हात काढ ना राव! आधी हात काढ!"

तो खाटेवरून उतरायला लागला. पुनम उठली, आणि उठता उठता कातर हलली.

चर्र.

त्याची मान आवाजाकडे वळली.

तिनं पुन्हा कापलं. पुन्हा. एका मापानं, पायानं ताल धरावा तसं. चर्र. चर्र. त्याच्या मुठी सैल पडल्या.

"चालू झालं व्हय," तो पुटपुटला आणि आडवा झाला.

दोन, एक, बारा. कडीचं फडकं. पिठाचा डबा. शेजारी नेलेला कुकर. आता हात थांबवायची सोय नव्हती. कागद बदलायला ती थबकली, तर पडद्याआड खाट करकरली. मग डाव्या हातानं नवा कागद पुढे सरकवत ती उजव्यानं कापत राहिली. झिरमिळ्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला. चार उघडे सांगाडे समोर तसेच. ते चिकटवायला दोन हात लागतात.

तीनला दार ढकललं गेलं.

"पुनम, झालं का गं सगळं?" मिनल मॅडमनी पडद्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "अय्या, झोपलेत? मी नंतर येते."

"नका जाऊ. चपला काढा आणि बसा इथं." पुनम कापतच होती. "ही कातर धरा."

"मी? मला कुठं येतं हे! आणि केवढा आवाज होतोय. उठतील ना ते."

"आवाज थांबला की उठतात."

मॅडमनी हात पुढे केला. कातर या हातातून त्या हातात गेली. मध्ये फक्त एक श्वास गेला असेल.

खाट करकरली.

मॅडम पर्ससकट खाली बसल्या आणि घाईघाईनं कापायला लागल्या. वेडंवाकडं, अडखळत.

"एका मापानं," पुनम म्हणाली. "आणि जोरात."

चर्र. चर्र.

पुनमनं बोटांना खळ लावली आणि नववा कंदील मांडीवर घेतला. मग दहावा. अकराव्याचीही टोकं नीट बसली. पडद्याआड घोरणं सुरू झालं होतं. हिरवा संपला, पिवळा संपला. मॅडमच्या अंगठ्याला लाल वळ उठला होता. बाराव्याच्या आठ टोकांवर कागद बसला, तेवढ्यात जांभळाही संपला.

मॅडमनी जमिनीवर चाचपडून पाहिलं. न कापलेला एक तुकडा नव्हता.

घोरणं थांबलं.

मॅडमनी पुनमकडे पाहिलं. पुनमचे दोन्ही हात खळीनं माखलेले. मॅडमनी पर्स मांडीवर उलटी केली, दिवाळी सेलचं एक चकचकीत पत्रक ओढून काढलं आणि कातर लावली.

चर्र.