नऊची गोळी

"माझ्या पेशंटला पाडलं असतंत आज!" सिस्टरांनी फाइल टेबलावर आपटली.

"मी? अहो, मी धरलं म्हणून वाचले ते," फिजिओ उसळला. "नऊला तुम्ही बीपीची गोळी देता. दहाला मी उभं केलं की भोवळ येणारच!"

"गोळी डॉक्टरांनी लिहिलीय. मी माझ्या मनानं देत नाही."

"आणि दहाची वेळ माझ्या वहीत पहिल्या दिवसापासून आहे. वाचत जा कधीतरी."

आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते. आता पडले तर पुन्हा चालणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि इथे दोघं एकमेकांवर खापर फोडत होते. डॉक्टरांनी "आपसात ठरवा" म्हणून काढता पाय घेतला.

आपसात! सिस्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं वॉर्ड सांभाळला तो काय झोपा काढून? कालचा आलेला हा, आणि वही वाचायला शिकवतोय!

पण रागाच्या भरात कामात कुचराई करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी फार्मसीतल्या बाईंना फोन लावला. नऊची गोळी बारा वाजता दिली तर चालेल का? दहाचं चालणं तोवर उरकलेलं असेल.

"चालेल की. डॉक्टरांची सही तेवढी घ्या. आणि फिजिओंना सांगितलंत ना?"

"त्याला कशाला सांगायचं? माझीही वही आहे म्हणावं. वाच."

डॉक्टरांनी चालता चालता सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळभर सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत अडकल्या होत्या. बाराच्या ठोक्याला मात्र त्या स्वतः गोळी घेऊन गेल्या. आजोबा खाटेवर मजेत बसले होते.

"भोवळ आली का आज?"

"छे! एकदम ठणठणीत."

सिस्टरांना बरं वाटलं. त्याला जमलं नाही ते आपण करून दाखवलं, असंही वाटलं.

एकच्या सुमारास त्या पुन्हा तिथून चालल्या होत्या. आजोबांची खाट रिकामी होती. शेजारी आजी चादर झटकत होत्या.

"सिस्टर, त्या फिजिओंवर रागावू नका हो," आजी म्हणाल्या. "काल मला म्हणाले, सिस्टरांशी उगाच भांडलो, नऊच्या गोळीवर चालवायलाच नको होतं मी. म्हणून आजपासून त्यांनी दहाऐवजी एक वाजता न्यायचं ठरवलंय. आत्ताच घेऊन गेले, जिना चढवायला."