खालची वीट

सोसायटीच्या मागच्या भिंतीतलं भोक बुजवायचं काम गवंड्याकडे आलं. त्याच्या वस्तीतली पोरं याच भोकातून रांगत पलीकडच्या शाळेत जायची, नाहीतर मोठ्या रस्त्याने तासाभराचा वळसा. पण आपण नाही म्हटलं, तर दुसरा कोणीतरी बुजवणारच.

खरं तर ते भोक त्यानेच पाडलेलं. लहानपणी धाकट्या भावाला सोबत घेऊन, घरातल्या चमच्याने रोज थोडं थोडं कोरून. चमचा वाकडा झाला म्हणून आईने बदडून काढलं, तरी धाकट्याचं नाव काही त्याने तोंडातून काढलं नाही. त्याच भोकातून धाकटा शाळेत गेला, शिकला, मोठा साहेब झाला. गेल्या वर्षी त्याने याच सोसायटीत घर घेतलं, तेव्हा गवंडी वस्तीभर छाती फुगवून सांगत सुटला होता.

सगळ्यात खालच्या विटेला त्याने मुद्दाम माल कमी घातला. पोरं काय ते बघून घेतील. कोणाच्या बापाला कळतंय!

सोसायटीचा मॅनेजर नेमका तिथेच वाकला. "मिस्त्री, ही वीट पक्की बसवा. नव्या साहेबांनी बजावून सांगितलंय, खालची सैल राहिली की पोरं चमच्याने कोरून काढतात."

"चमच्याने?"

"हो ना! आम्हाला तरी कुठे सुचलं असतं?"

आई जाऊन दहा वर्षं झाली होती. चमच्याचं आता जगात दोघांनाच ठाऊक होतं.